क्रीडागुणांचा शोध : चाचणी आणि प्रत्यक्ष खेळ

(गुरुग्राम येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत हरियाणाचा वाटा सुमारे दोन टक्के होता. ऑलिंपिक पदकांतील या राज्याचा वाटा मात्र त्याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे 'उद्याचा खेळाडू आजच कसा ओळखावा' हा प्रश्न येथे केवळ क्रीडा विभागाचा राहिलेला नाही. तो सार्वजनिक खर्चाचा, मानवी भांडवलाचा आणि हजारो कुटुंबांच्या निर्णयांचा प्रश्न झाला आहे. या प्रश्नाची एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. धावणे, उडी, ताकद यांच्या चाचण्यांत जे अव्वल ठरतात, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे प्रत्यक्ष खेळात स्थान का मिळत नाही? फुटबॉलसारख्या सांघिक खेळात तर ही तफावत अधिकच ठळक दिसते.

चाचण्यांची परंपरा

दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली. त्यानंतर ८ ते १४ वयोगटातील मुले निवडण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा प्रतिभा शोध योजना आली. निवडीचे साधन म्हणून एक चाचणीमाला रूढ झाली. तिच्यात ३० मीटर धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, चेंडूफेक, पुढे वाकून लवचिकता मोजणे, ६ गुणिले १० मीटरची शटल रन आणि ८०० मीटर धाव यांचा समावेश असे. महाराष्ट्रातील क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या याच धर्तीच्या आहेत. हरियाणा सरकारनेही गेल्या दशकाच्या आरंभी 'स्पॅट' या नावाने क्रीडा व शारीरिक क्षमता चाचणी सुरू केली आणि निवडलेल्या मुलांना मासिक शिष्यवृत्ती दिली. २०१९ मध्ये शालेय मुलांच्या तंदुरुस्तीची नोंद ठेवणारे 'खेलो इंडिया' ॲप आले. मार्च २०२४ मध्ये चंदीगड येथून ९ ते १८ वयोगटासाठी 'कीर्ती' उपक्रमाला प्रारंभ झाला.

या चाचण्यांचे लाभ नाकारता येत नाहीत. त्या स्वस्त आहेत आणि थोड्या वेळात हजारो मुलांची नोंद त्यांतून करता येते. शिफारस, ओळख, जात, पैसा यांना त्यांत फारसा वाव नसतो, कारण घड्याळ सर्वांसाठी सारखेच चालते. तेव्हा चाचणी असावी की नसावी, हा वाद नाही. तिच्या गुणांवर किती भरवसा ठेवावा, एवढाच प्रश्न आहे.

वेगवान माणूस आणि फुटबॉल

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण युसेन बोल्टचे आहे. २००९ मध्ये बर्लिन येथे त्याने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले. निवृत्तीनंतर २०१८ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉलपटू होण्यासाठी ऑस्ट्रेलियातील सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबमध्ये सरावाला गेला. ऑक्टोबरमध्ये एका मित्रत्वाच्या सामन्यात त्याने दोन गोलही केले. परंतु नोव्हेंबरमध्ये, व्यावसायिक करार न होताच, तो बाहेर पडला. त्याचे वय तेव्हा ३२ होते, हे खरे. तरीही पृथ्वीवरील सर्वात वेगवान माणसाला केवळ वेगाच्या बळावर फुटबॉलमध्ये जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत या विषयाची आकडेवारी अधिक पद्धतशीरपणे उपलब्ध आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. पण तेथील निवडप्रक्रिया अभ्यासण्याजोगी आहे. व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची निवड करण्यापूर्वी दरवर्षी इंडियानापोलिस येथे 'कम्बाइन' नावाचा चाचणी मेळावा भरतो. १९९५ मध्ये माइक मामुला या खेळाडूने तेथे थक्क करणारी कामगिरी केली. या चाचण्यांचाच नेमका सराव करून तो आला होता. फिलाडेल्फियाच्या संघाने बाराव्या क्रमांकाच्या निवडीचा हक्क सोडून, त्यासोबत आणखीही काही हक्क देऊन, सातव्या क्रमांकावर त्याला घेतले. त्याची कारकीर्द अगदीच वाया गेली असे नाही. परंतु त्याच बाराव्या क्रमांकावर टँपाच्या संघाने निवडलेला वॉरन सॅप पुढे त्या खेळातील सर्वोच्च सन्मानाचा मानकरी ठरला. अर्थशास्त्रातील 'संधी खर्च' या संकल्पनेचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे. २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला व्हर्नन घोल्स्टन याचेही चाचणीतील आकडे असेच उत्तम होते. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल रचणाऱ्या मुख्य खेळाडूला, चेंडू फेकण्यापूर्वीच पाडणे हे त्याचे मुख्य काम होते. संपूर्ण व्यावसायिक कारकिर्दीत त्याच्या नावावर तशी एकही नोंद झाली नाही. उलट २००० मध्ये धावण्याच्या चाचणीत मागे पडलेला आणि १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात वेळा विजेत्या संघात होता.

ही केवळ निवडक उदाहरणे आहेत, असा आक्षेप घेता येईल. परंतु कुझमिट्स आणि ॲडम्स या अभ्यासकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आक्रमक फळीतील तीन प्रकारच्या खेळाडूंचे चाचणीतील आकडे आणि त्यांची व्यावसायिक कामगिरी यांची तुलना केली. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंच्या वेगाचा अपवाद वगळता त्यांना या दोहोंत सातत्यपूर्ण संबंध आढळला नाही.

तफावत का पडते?

याची चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण खेळाच्या स्वरूपात आहे. फुटबॉलमध्ये चेंडू येण्यापूर्वी मान वळवून आजूबाजूचे पाहणे, मोकळी जागा ओळखणे, पास नेमका केव्हा द्यायचा हे ठरवणे यांना मोठे महत्त्व असते. एकट्याने, सरळ रेषेत, प्रतिस्पर्धी नसताना केलेल्या धावेत यांपैकी काहीही मोजले जात नाही.

दुसरे कारण वयाचे आहे. बारा वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढ झालेला मुलगा चाचणीत पुढे दिसतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी इतर मुले त्याला गाठतात आणि त्याचा लाभ संपतो. युरोपातील फुटबॉल अकादमींमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्या मुलांचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे जन्मतारखेच्या नोंदी सदोष असतील, तर ही चूक आणखी वाढते. चाचणी तेव्हा गुणवत्ता मोजत नाही, वय मोजते.

तिसरे कारण संख्याशास्त्रीय आहे. वरच्या पातळीवर पोहोचलेले सर्वच खेळाडू वेगवान आणि बळकट असतात. त्यांच्यातील शतांश सेकंदांचा फरक यशापयश ठरवू शकत नाही. एका मर्यादेपर्यंत वेग आवश्यक असतो. त्यापलीकडे तो पुरेसा नसतो.

चौथे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. एखादा निर्देशक हेच उद्दिष्ट बनले की तो चांगला निर्देशक राहत नाही, असा आशय ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. उडी मोजली जाणार हे कळले की उडीचा सराव होतो, खेळाचा होत नाही. मामुलाच्या उदाहरणात हेच दिसले.

दोन प्रकारच्या चुका

निवडीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्राची निवड होते, किंवा पात्र व्यक्ती वगळली जाते. पहिली चूक कालांतराने दिसते. दुसरी सहसा दिसतच नाही, कारण वगळलेल्या मुलाचा हिशेब कोणी ठेवत नाही. पानिपत जिल्ह्यातील खांद्रा गावचा नीरज चोप्रा लहानपणी स्थूल होता. वजन कमी व्हावे म्हणून घरच्यांनी त्याला मैदानावर पाठवले. तेथे भालाफेक करणाऱ्यांच्या सहवासात त्याच्या हातातील गुण ओळखला गेला. ८०० मीटर धाव आणि उड्या यांच्या एकत्रित गुणांवर त्याचे भवितव्य ठरले असते, तर तो कितव्या क्रमांकावर राहिला असता, याचा विचार करण्यासारखा आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटर फेक करून त्याने सुवर्णपदक मिळवले.

पहिल्या प्रकारच्या चुकीची सामाजिक किंमत समजून घ्यायची असेल, तर महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्याकडे पाहावे लागेल. आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक तेथील जंगलपट्ट्यात राहतात. त्यांच्यापैकी अनेकांची बोली कोकणी आहे. १९८० च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली या समाजातील मुलांना निवडून वसतिगृहांत नेण्यात आले. आफ्रिकी वंशाचे लोक धावण्यात जन्मतःच श्रेष्ठ असतात, हे त्यामागील गृहीतक होते. काही मुलामुलींनी राष्ट्रीय पातळीवर पदकेही मिळवली. परंतु १९९० च्या दशकात तो उपक्रम बंद पडला. काहींना खेळाडू म्हणून नोकऱ्या मिळाल्या. अनेकजण शेतमजुरीकडे परतले. ज्या मुलांना 'तुम्ही देशाचे भावी विजेते' असे सांगितले गेले होते, त्यांच्याकडे ना पुरेसे शिक्षण राहिले, ना खेळ. त्यांच्या शरीराची निवड झाली होती. त्यांच्या पुढील वीस वर्षांची जबाबदारी कोणी घेतली नव्हती.

यशस्वी प्रयोगांतील साम्य

याच विशेष क्षेत्र योजनेतून लिंबा राम हा तिरंदाजही पुढे आला. राजस्थानातील आदिवासी कुटुंबातील या मुलाची निवड १९८७ मध्ये झाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो खेळला आणि १९९२ मध्ये बीजिंग येथे त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. फरक एवढाच, की धनुष्यबाण त्याच्या हातात लहानपणापासून होता आणि निवडही नेम पाहून झाली होती.

हरियाणातील फुटबॉलचे उदाहरण भिवानी जिल्ह्यातील अलखपुरा गावाचे आहे. येथील सरकारी शाळेच्या मुली एका शिक्षकाच्या पुढाकाराने रोज मैदानावर खेळू लागल्या. पुढे या शाळेने सुब्रतो चषकाच्या मुलींच्या गटाचे विजेतेपद मिळवले आणि संजू यादवसारखी खेळाडू भारतीय संघात गेली. तेथे आधी मैदान, चेंडू आणि रोजचा खेळ होता. निवड नंतर झाली.

महाराष्ट्रातील उदाहरण नेमबाज स्वप्नील कुसाळे याचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा हा मुलगा २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. सुरुवातीच्या सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षणानंतर त्याने नेमबाजी हा खेळ निवडला. पुढे त्याला मध्य रेल्वेत नोकरी मिळाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे त्याने कांस्यपदक जिंकले. प्रवेश आणि पदक यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे. प्रशिक्षण, खेळ निवडण्याची मोकळीक आणि उपजीविकेची हमी यांनी ते अंतर भरून काढले.

धोरणासाठी काही सूत्रे

क्रीडा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. त्यामुळे प्रतिभाशोधाची मुख्य जबाबदारी राज्यांवर येते. केंद्राने २०१७ मध्ये 'खेलो इंडिया' योजनेची पुनर्रचना करताना निवडक खेळाडूंना वर्षाला ५ लाख रुपयांप्रमाणे ८ वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले. दीर्घ मुदतीचा हा विचार योग्य दिशेचा आहे. १ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्रीडा धोरणातही तळागाळातील गुणशोधावर भर आहे. या चौकटीत पुढील गोष्टी करता येतील.

पहिली, चाचणीचे गुण केवळ प्राथमिक छाननीसाठी वापरावेत. नागरी सेवा परीक्षेतील पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तोच न्याय येथे लावावा. दुसरी, अंतिम निवड किमान एका हंगामातील प्रत्यक्ष सामने पाहून व्हावी. तिसरी, मुलांची तुलना करताना जन्मतारखेसोबत शारीरिक वाढीची अवस्थाही विचारात घ्यावी आणि वगळलेल्यांना दोन वर्षांनी पुन्हा संधी द्यावी. चौथी, निवडलेल्या मुलांची पुढील दहा वर्षांची नोंद ठेवावी. त्याशिवाय चाचणी कितपत खरी ठरली हे कधीच कळणार नाही. पाचवी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, वसतिगृहातील प्रत्येक मुलाचे शालेय शिक्षण अखंड चालावे.

पाचव्या सूत्रावर खर्च होईल. परंतु निवडलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, हे आधीच ठाऊक असते. फुटबॉलचा संघ अकरा जणांचा असतो. उरलेल्यांना शिक्षण देऊन परत पाठवणे हा निवडीच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. आपल्यापैकी जे उद्या जिल्हा प्रशासनात जातील, त्यांच्यासमोर अशा योजनांचे अहवाल येतील. त्यांत किती मुलांची चाचणी झाली आणि किती निवडली गेली, हे आकडे असतील. निवड न टिकलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा रकाना बहुधा नसेल. तो मागवून घ्यावा.