चोवीस तासांचा हक्क
(पुणे शहरातील एका विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ताडीवाला रोड असो, काशेवाडी असो की दांडेकर पुलाची वस्ती असो, रात्री पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली म्हणजे काय होते हे आपणांस सांगावयास नको. दारे लागतात, दिवे मालवतात, आणि ज्या घरातील मुलगा नेला त्या घरची माउली चौकीच्या पायरीवर एकटीच रात्र काढते. “साहेब, माझ्या पोराला कोठे ठेवले आहे?” एवढे विचारण्याचेही तिला धैर्य होत नाही. आज मला सांगावयाचे आहे ते हेच की, हा प्रश्न म्हणजे विनवणी नव्हे, तो हक्क होय. त्याचे उत्तर देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

हा हक्क कोणी दिला? घटना परिषदेत व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम संमत झाले तेव्हा त्यातून न्याय्य कार्यपद्धतीची हमी देणारे शब्द गळाले होते. विधिमंडळाने कायदा करावा आणि पोलिसांनी त्या कायद्याने माणूस उचलावा, एवढ्यावरच गोष्ट थांबत होती. ही उणीव काही अंशी तरी भरून निघावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. आज ते घटनेचे २२ वे कलम आहे. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे हे कलम बजावते. यांतील बऱ्याच गोष्टी फौजदारी कायद्यात आधीच होत्या, हे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले. मग त्या घटनेत कशासाठी? कारण साधा कायदा सरकार बदलू शकते. जे घटनेत लिहिले ते एखाद्या विधिमंडळाला सहज पुसून टाकता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला या कलमात अपवाद आहे, हेही ध्यानात ठेवावे. एरव्ही हे कलम प्रत्येकाच्या पाठीशी उभे आहे.

आता आजचा कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, हक्क बुडाले नाहीत. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे, आणि त्यावर घरच्या माणसाची अथवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. अटक झाल्याची आणि माणूस कोठे ठेवला आहे याची खबर नातेवाइकास अथवा मित्रास दिली पाहिजे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी निर्णय दिला की, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावीत. तत्काळ शक्य नसेल तर निदान कोठडीसाठी कोर्टापुढे नेण्यापूर्वी दोन तास तरी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत.

स्त्रियांनी विशेष लक्षात ठेवावे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी करावयाची झाल्यास मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी हवी आणि सोबत स्त्री पोलीस अधिकारी हवी. साक्षीदार म्हणून जबाब घ्यावयाचा असेल तर स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला आणि साठीपलीकडच्या माणसाला चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी यावयाचे आहे. तपासात दिलेल्या जबाबावर सही करण्याचे कायद्याने बंधन नाही. कोऱ्या कागदावर तर कोणीही, कधीही सही करू नये.

ही झाली आरोपीची बाजू. पण आपण पुष्कळदा फिर्यादी म्हणून चौकीची पायरी चढतो आणि हात हलवीत परत येतो. “बौद्ध झालात ना? मग जातीचा कायदा तुम्हांला कसा लागेल?” असे कोणी सुनावले तर खाली मान घालू नये. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि धम्म स्वीकारलेल्या आपल्या बांधवांना तो दर्जा केंद्राच्या कायद्याने मिळाला. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनाही लागू आहे. या कायद्याखालील तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करू नये, असा नियम आहे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरील सरकारी नोकराने या कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर त्यालाही शिक्षा आहे. गुन्हा नोंदल्यावर फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. नोंदण्यास नकार मिळाला तर तीच तक्रार वरिष्ठांकडे टपालाने पाठवावी, पोहोच जपून ठेवावी, आणि तेथेही दाद न मिळाल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा.

आपण म्हणाल, कायदा ठाऊक असला म्हणजे माणूस वाचतो काय? याचे उत्तर देताना जीभ जड होते. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या असंतोषात पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण होता. तो कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा अंत झाला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण शवविच्छेदनात नोंदले गेले. त्याची आई घरी बसून राहिली नाही. ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली.

यातून शिकावयाचे ते हे: कोठडीच्या आत एकटा माणूस दुबळा असतो, मग तो कितीही शिकलेला असो. त्याचा हक्क बाहेरच्यांनी जागता ठेवावा लागतो. तेव्हा वस्तीतून कोणास नेले तर दारे लावू नका. दोघे-तिघे मिळून चौकीवर जा. आवाज चढवू नका, अंगावर धावून जाऊ नका, कोणाला पळण्यास सांगू नका. अधिकाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ वहीत टिपून घ्या, कारण चोवीस तासांचा हिशेब त्या वेळेपासून होतो. वैद्यकीय तपासणी झाली काय, हे विचारा. मारहाण झाली असेल तर ती मॅजिस्ट्रेटपुढे उघड सांगण्यास त्या मुलास सांगा. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी शीला बारसे या पत्रकार स्त्रीने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच ठरविले आहे की, आरोपीला छळ झाला काय असे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारावे.

वकिलाला पैसे नाहीत, ही सबबही आता उरली नाही. अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि कोठडीतील माणूस यांना १९८७ च्या कायद्याने, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगरच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

बाबासाहेबांनी हा हक्क घटनेत लिहून ठेवला. परंतु लिहिलेला हक्क आपण होऊन चौकीची पायरी चढत नाही, तो आपणांसच तेथे न्यावा लागतो. पुढल्या वेळी ती माउली पायरीवर बसलेली दिसली तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि तिचा प्रश्न तिच्याबरोबर मोठ्याने विचारा.