गर्भिणीचे दांत

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीगोंदा तालुका हा लिंबांच्या बागांचा आणि उसाच्या फडांचा मुलूख. सुनेला दिवस गेले म्हणजे आंबट-गोड डोहाळे पुरविण्यास तेथील घरांना दूर जावें लागत नाहीं. सासू आणि आई तिच्या खाण्यापिण्याची काळजी वाहतात. मात्र दांत घांसतांना हिरड्यांतून रक्त आलें, तर 'या दिवसांत असें व्हायचेंच. बाळंतपणानंतर पाहूं' एवढ्यावर विषय संपतो. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही हेंच उत्तर ऐकूं येतें, आणि तें चुकीचें आहे.

या उत्तरामागें एक जुना समज आहे. पोटांतलें मूल आईच्या दांतांतील चुना शोषून घेतें, तेव्हां बाळंतपणापायीं दांत जायचेच, असें मानलें जातें. वस्तुतः पूर्ण बनलेल्या दांतांतून गर्भासाठीं चुना काढला जात नाहीं. तो आईच्या आहारांतून, आणि आहार अपुरा पडल्यास तिच्या हाडांतून येतो. दूध, नाचणी, तीळ हे पदार्थ तिला हवेतच; पण दांत बिघडण्याचीं कारणें निराळीं आहेत.

गर्भारपणांत शरीरांतील अंतःस्राव वाढतात. त्यामुळें दांतांच्या मुळाशीं सांचलेल्या किटणाचा हिरड्यांना अधिक त्रास होतो. त्या सुजतात व त्यांतून रक्त येतें. कधीं दोन दांतांमध्यें लाल गांठ उठते. ती कर्करोगाची नसते व बहुधा प्रसूतीनंतर ओसरते. तरी वैद्यास दाखवावी. रक्त येतें म्हणून घांसणें सोडल्यास किटण वाढतें आणि दुखणेंही वाढतें. मऊ ब्रशानें दोन वेळां दांत घांसणें हाच त्यावर उपाय.

वांतीची गोष्ट निराळी. पोटांतील आम्लानें दांतांचें कवच क्षणभर मऊ पडतें; त्याच वेळीं ब्रश फिरविल्यास तें झिजतें. म्हणून प्रथम पेलाभर पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि तासाभरानें दांत घांसावे. लिंबाची फोड चोखल्यावरही साध्या पाण्यानें चूळ भरणें बरें.

कीड लागली, ठणका उठला, तर प्रसूतीपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. मधले तीन महिने उपचारास विशेष सोईचे असतात. तातडीचा उपचार केव्हांही करतां येतो. दांत बधिर करण्याचें नेहमींचें इंजेक्शन योग्य प्रमाणांत चालतें. मात्र टेट्रासायक्लिनसारखें औषध बाळाच्या दांतांवर डाग पाडतें. म्हणून स्वतःच्या मनानें गोळी घेऊं नये. अमेरिकेंत ८२३ गर्भवतींवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. हिरड्यांच्या उपचारानें अकाली प्रसूति टळली नाहीं. परंतु हिरड्या सुधारल्या, आणि उपचार सुरक्षित ठरला.

खरा घातक उपचार घरांतच असतो, तो मशेरीचा. दांत दुखतो म्हणून चिमूटभर लावलेली मशेरी पुढें सुटत नाहीं. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. मुंबईंतील १२१७ गर्भवतींची पाहणी २००४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आली. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं बाळें सरासरी १०५ ग्रॅमनें हलकीं भरलीं, आणि त्यांच्यांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही अधिक आढळल्या.

सरकारी रुग्णालयांतून २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी ठरविलेली आहे. त्या दिवशीं वजन व रक्तदाब पाहिला जातो. त्याच वेळीं हिरड्यांविषयीं विचारावें आणि दंतवैद्याकडे चिठ्ठी मागावी. आईच्या तोंडांतील किडीचे जंतू पुढें उष्ट्या चमच्यावाटे बाळाच्या तोंडांत जातात. तेव्हां बाळाच्या दांतांची काळजी पहिला दांत येण्यापूर्वीं, आईच्या तोंडापासूनच सुरू होते.