चित्रातल्या बाईचं नाव

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज एका तैलचित्राबद्दल बोलायचं आहे. चित्र अगदी लहान, शाळेच्या वहीच्या पानाएवढंही नाही. १८६१ साली ते इंग्लंडमध्ये काढलं गेलं. तेव्हा तिथे प्री-राफेलाइट म्हणवणाऱ्या चित्रकारांचा बोलबाला होता. त्यांच्या चित्रांतल्या बायका बहुधा गोऱ्या, फिकट, लांब मोकळ्या केसांच्या. या चित्रातली बाई मात्र सावळी आहे. चेहरा एका बाजूने दिसतो. कानात डूल, केसांत अलंकार, खांद्यावर तलम वस्त्र. एखाद्या राणीसारखा तिचा रुबाब आहे.

हे चित्र काढणारीही बाईच होती. जोआना बॉइस तिचं नाव. त्या काळी रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेचं दार मुलींना १८६० पर्यंत बंदच होतं. जोआना खासगी वर्गांत शिकली, पॅरिसला जाऊन शिकली. १८५५ साली तिचं चित्र अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं, रस्किनसारख्या समीक्षकाने वाखाणलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली. १८६१ च्या जुलैमध्ये तिसऱ्या बाळंतपणानंतर ती गेली, वय अवघं २९. तिची बरीच चित्रं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाली.

आणि जी समोर बसली ती? तिचं नाव फॅनी ईटन. जन्म जमैकाचा, १८३५ चा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ती आईबरोबर लंडनला आली आणि लोकांच्या घरी काम करू लागली. नवरा घोडागाडी हाकायचा. मुलं दहा. धुण्यापुसण्याच्या कामांबरोबरच ती चित्रकारांसमोर बसायची. अकॅडमीच्या १८६० च्या हिशेबात तिच्या तीन बैठकांचे १५ शिलिंग नोंदलेले आहेत. म्हणजे बघा, त्या शाळेत बाई शिकायला चालत नव्हती, समोर बसायला चालत होती!

तासन् तास न हलता बसणं हेही श्रमच आहेत. पण चित्राची किंमत ठरते तेव्हा हे श्रम कोणी मोजत नाही.

फॅनीला चित्रकारांनी काय काय बनवलं! सिमियन सॉलोमनच्या १८६० च्या चित्रात ती मोझेसची आई झाली. त्याची बहीण रिबेका सॉलोमन हिने १८६१ साली एक चित्र काढलं. त्यात गोऱ्या लहान मुलीकडून शिकणारी हिंदुस्थानी आया आहे. तिच्यासाठीही फॅनीच बसली. साहेबांची मुलं सांभाळायला आपल्याकडच्या आया बोटीने विलायतेला नेल्या जात. त्या आयेच्या जागी जमैकाची मोलकरीण! सावळी बाई म्हणजे कुठलीही सावळी बाई, हा त्यामागचा हिशेब.

जोआनाच्या चित्राचंही तेच झालं. वर्षानुवर्षं त्याला ‘मिश्र रक्ताच्या स्त्रीचं मस्तक’ अशा अर्थाचं नाव होतं. मूळ इंग्रजी शब्द तर अपमानकारकच. अभ्यासकांनी जनगणनेची कागदपत्रं, हिशेबाच्या वह्या चाळल्या, तेव्हा फॅनीचं आयुष्य हाती लागलं. चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे आणि तिच्या नावाने ओळखलं जातं.

फॅनी १८८१ साली विधवा झाली. शिवणकाम केलं, साठी उलटल्यावरही दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक केला. १९२४ साली ८८ व्या वर्षी ती वारली. एवढ्या आयुष्यातली चित्रकारांसमोर बसण्याची वर्षं फार थोडी. बाकी सारी कष्टाची.

म्हणून चित्र बघताना ‘किती सुंदर!’ जरूर म्हणूया. पण त्यापुढे विचारूया, ही कोण? तिला काय मिळालं? घरी गेल्यावर ती काय करायची? आणि आपल्या अहवालांत, पोस्टरांवर फोटो छापताना खाली ‘एक मोलकरीण’, ‘एक शेतमजूर स्त्री’ एवढंच लिहून थांबायला नको. तिला विचारायचं. तिची हरकत नसेल तर तिचं पूर्ण नाव लिहायचं. शंभर वर्षांनी कोणाला हिशेबाच्या वहीत शोधावं लागू नये.