फळा, पडदा आणि मराठीचा वर्ग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक-शिक्षक परिसंवादातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीचा काही भाग रविवारच्या मराठी वर्गासाठी खर्च व्हावा, याविषयी आपणां सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो, त्या पैशातून मोठा पडदा आणि प्रत्येक मुलासाठी टॅब्लेट घ्यावेत किंवा कसे, एवढ्यापुरताच. माझे नम्र मत असे की, यंत्र हवे की नको, हा वाद व्यर्थ आहे. कोणत्या पाठाला, कोणत्या वेळी आणि कशासाठी ते हवे, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्या देशाला हा प्रश्न नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ नावाच्या प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. प्रयोग मोठा होता, धाडसी होता. परंतु प्रक्षेपण एकमार्गी होते. मुलाच्या मनात उठलेली शंका पडद्यापर्यंत पोहोचत नसे. तिचे निरसन वर्गातल्या गुरुजींनाच करावे लागे. शिवाय उपग्रह अमेरिकेचा, वर्षापुरता मिळालेला. मुदत संपताच तो गेला. यंत्र दूर झाल्यावर मुलाजवळ काय उरते, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक साधनाला विचारावा लागतो.

त्याचे उत्तर ताराबाई मोडकांच्या कार्यात सापडते. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. मॉन्टेसरी पद्धतीची तयार साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. साधन स्वस्त झाले, पण त्यामागील विचार तसूभरही उणा झाला नाही. कारण मोजणे, जुळवणे, निवडणे यांपैकी मुलाने काय शिकावयाचे, हे आधी निश्चित झाले होते.

हीच कसोटी आपल्या वर्गास लावून पाहू. आपली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. ‘काळा’ रंग आणि गोपाळकाल्यातील ‘काला’ यांतील भेद त्यांच्या जिभेवर येत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. दोन्ही लिहावयाचे सारखे, उच्चारावयाचे मात्र निराळे. हा भेद पुस्तक दाखवू शकत नाही, तो कानांनीच शिकावा लागतो. येथे ध्वनिमुद्रण अवश्य हवे. त्याहून उत्तम म्हणजे, महिन्यातून एकदा पडद्यावर कुणाची तरी साताऱ्याची वा अकोल्याची आजी यावी आणि मुलांनी तिला प्रश्न विचारावेत. दूर असलेला माणूस जवळ आणणे, हे यंत्राचे खरे काम. तसेच मोट, जाते, खळे, घाटातला पाऊस या गोष्टी ज्या मुलांनी पाहिल्याच नाहीत, त्यांना पाच मिनिटांची चित्रफीत जे देईल ते शिक्षकाच्या अर्ध्या तासाच्या वर्णनाने साधणार नाही.

लेखनाची गोष्ट मात्र वेगळी. रोमन अक्षरे टंकताच यंत्र ‘दिन’ आणि ‘दीन’ असे दोन्ही शब्द पुढे करते. निवड मुलाने करावयाची. आणि ज्याला ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक नाही, तो निवडणार कशाच्या आधारावर? अक्षराचे वळण, वेलांटी, जोडाक्षर ही पाटीवर आणि वहीतच गिरवली पाहिजेत. एकदा हात बसला, की मग टंकलेखन खुशाल यावे. आणि जी वस्तू समोर आहे तिला पडदा कशाला? पोळीच्या पाठासाठी चित्र नको, पोळपाट-लाटणे आणावे.

युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालानेही, तंत्रज्ञानाने शिक्षकाची जागा घेऊ नये, त्याला साहाय्य करावे, असाच आग्रह धरला आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. एक पडदा आणि उत्तम ध्वनिवर्धक घ्यावा. टॅब्लेट तूर्त नकोत. उरलेल्या रकमेतून बालवाचनालय उभारावे आणि आपल्या शिक्षिकाताईंच्या प्रशिक्षणाची सोय करावी. पडदा केव्हा लावावा आणि केव्हा बंद ठेवावा, याचा निर्णय सर्वस्वी त्यांच्या हाती असावा; कार्यकारिणीने त्यात हस्तक्षेप करू नये. वर्षअखेरीस हिशेब मात्र आपण सर्वांनी घ्यावा. तो पडदा किती तास चालला याचा नसावा. किती मुलांनी आजीला स्वहस्ते मराठीत पत्र लिहिले, याचा असावा.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ ज्यांनी स्थापिले, त्यांनी आपल्या मुलाबाळांच्या मुखी मराठी राहावी एवढीच अपेक्षा बाळगली होती. त्यांच्या नावे उभारलेला हा निधी त्याच कामी यावा, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.