सिंहाची भुवई



डिस्नेचा ‘द लायन किंग’ १९९४ साली निघाला, तेव्हा आम्ही लहान होतो. मेलेल्या मुफासाच्या पंजाखाली छावा शिरून निजला, आणि आम्ही थिएटरात मुसमुसून रडलो. २०१९ साली जॉन फॅवरो यांनी तोच चित्रपट नव्याने केला. आरंभीचा सूर्योदय तेवढा कॅमेऱ्याने टिपलेला. बाकी गवत, धूळ, आयाळीचा केस न् केस संगणकावर घडवलेला. मुफासाचा आवाज त्याच जेम्स अर्ल जोन्स यांचा. आमचे डोळे मात्र कोरडे!

वय वाढले, असे कोणी म्हणेल. पण घरी जुना चित्रपट लावला, तो पुन्हा रडलोच. खऱ्या सिंहाला भुवई नसते. जुन्या चित्रकारांनी स्टुडिओत जिवंत सिंह आणवून अभ्यास केला. परंतु चेहरा रेखाटताना खुशाल लबाडी केली आणि छाव्याला माणसाच्या पोराची भुवई दिली, अश्रू दिले. नव्या मंडळींनी सिंहाशी इमान राखले, आणि पोरका छावा मुका झाला. (गल्ला दीडशे कोटी डॉलरांवर गेला; आमच्या तक्रारीने कोणाचे अडले नाही.)

परवा मुलीला दोन्ही दाखवले. नवा पाहताना तिने विचारले, “बाबा, तो झोपलाय का?” जुना पाहताना तिने काहीच विचारले नाही.