जुन्या शहरांचे वय

युरोपचा प्रवास करून परतलेल्या माणसाला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला खर्चाचा, दुसरा पॅरिसचा. पहिल्याचे उत्तर मी चारचौघांत देत नाही. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: आम्ही पॅरिस पाहिले नाही. लंडन पाहिले नाही, रोम पाहिले नाही, आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात छायाचित्रही काढून घेतले नाही. एवढे सांगितले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर जी सहानुभूती उमटते, तिची आता मला सवय झाली आहे.

2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पाच माणसे सोळा दिवसांसाठी निघालो: शहात्तर वर्षांची माझी आई, पत्नी, सोळा वर्षांची कन्या, अकरा वर्षांचा चिरंजीव आणि मी. व्हिएन्ना, प्राग, ड्रेस्डेन आणि वॉर्सा ही चार शहरे, आणि चारींना जोडणारी आगगाडी. एके काळी इतिहास घेऊन मी एम. ए. झालो होतो, सरकारी कचेरीत ती पदवी क्वचितच उपयोगी पडते, म्हणून हा मार्ग आखताना मी तिचा मनसोक्त वापर करून घेतला. शेंगेन करारातल्या एकोणतीस देशांना एकच प्रवेशपत्र चालते, ही सोयही होतीच. मी कार्यक्रमाचे टिपण केले, त्याला परिशिष्टे जोडली, आणि पत्नीने ते सारे वाचून, "यात जेवायला वेळ कुठे आहे?" एवढाच शेरा मारला.

निघण्याच्या आठवड्यात कोल्हापूरहून एक पाकीट आले होते. आमच्या पेठेतला वाडा पाडून तेथे सदनिका बांधण्याचे चुलत भावांनी ठरवले होते. वडिलांच्या पश्चात आईची सही हवी होती. वाड्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला आहे, दोन तुळयांना वाळवी लागली आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपणारा नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आईने ते संमतिपत्र पारपत्राच्या पिशवीत ठेवले. "आल्यावर बघू," म्हणाली.

व्हिएन्नातील सेंट स्टीफनच्या कॅथीड्रलचा दक्षिणेकडील मनोरा 136 मीटर उंच आहे आणि त्याला 343 पायऱ्या आहेत. तेथे मुले गेली. उत्तरेकडच्या ठेंगण्या मनोऱ्याला मात्र उद्वाहक आहे. तेथे मी आईला नेले. वर 'पुमरिन' नावाची प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिचे वजन वीस टनांहून थोडे अधिक. 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तो उठल्यावर मागे राहिलेल्या तोफांच्या धातूपासून मूळची घंटा 1711 मध्ये ओतली गेली. आईला हे फार आवडले. वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगिजांच्या घंटा भीमाशंकराच्या आणि मेणवलीच्या देवळात आहेत. तोफेची घंटा आणि देवळाची लूट हे दोन्ही व्यवहार तिच्या परिचयाचे होते.

तेवढ्यात मुले धापा टाकीत येऊन पोचली आणि कन्येने फलकावरची पुढची ओळ वाचून दाखवली. एप्रिल 1945 मध्ये कॅथीड्रलच्या छपराला आग लागली. शतकानुशतके उभी असलेली लाकडी कैची जळून कोसळली आणि तिच्याबरोबर घंटा खाली पडून तिचे तुकडे झाले. त्या तुकड्यांचा धातू वापरून 1951 मध्ये नवी घंटा ओतली गेली. छपराचा सांगाडा आता पोलादाचा आहे. ऑस्ट्रियाच्या प्रत्येक प्रांताने कॅथीड्रलच्या जीर्णोद्धारासाठी काही ना काही दिले: ही घंटा अपर ऑस्ट्रियाने दिली, खिडक्या टिरोलने.

"म्हणजे ही घंटा आजीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे," चिरंजीवांनी हिशेब केला. आईचा जन्म 1949 चा.

येथून आमच्या प्रवासाला एक खेळ जडला. चिरंजीवांनी वहीच्या पानावर उभी रेघ ओढली. एका बाजूस 'आजीपेक्षा मोठे', दुसऱ्या बाजूस 'आजीपेक्षा लहान'. व्हिएन्नाचे ऑपेराघर मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाले आणि नोव्हेंबर 1955 मध्ये बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ'ने पुन्हा उघडले. ते अर्थात लहानांच्या बाजूस गेले. मी या खेळावर प्रारंभी नाराज होतो. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला वाटे, की वास्तूचे वय तिच्या कल्पनेपासून मोजावे, विटांपासून नव्हे. मुलगा ऐकेना. "नवी बांधली ना? मग नवी," एवढेच त्याचे शास्त्र.

प्रागमध्ये त्याची पंचाईत झाली. जुन्या नगरभवनावरील खगोलघड्याळाची मूळ यंत्ररचना 1410 ची आहे. तासाच्या ठोक्याला खिडक्यांतून जे बारा प्रेषित फिरून जातात, त्या मूर्ती मात्र मे 1945 च्या उठावात जळाल्या, आणि आज दिसतात त्या व्होयतेख सुखार्दा या शिल्पकाराने 1948 मध्ये कोरल्या. घड्याळ आजीपेक्षा साडेपाचशे वर्षांनी मोठे आणि प्रेषित एका वर्षाने. चार्ल्स पुलाचा पाया 1357 चा, परंतु त्यावरील अनेक पुतळे प्रतिकृती असून मूळ पुतळे संग्रहालयात सुखरूप आहेत. वहीतली रेघ तेथे नागमोडी झाली.

घड्याळापुढे प्रवाशांची एवढी दाटी असते, की त्याच इमारतीच्या बगलेची एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नगरभवनाचा एक पंख त्याच मे महिन्यात जळाला आणि तो पुन्हा बांधलाच गेला नाही. भिंत अर्धवट तुटल्यासारखी थांबते आणि पुढे मोकळी जागा आहे, झाडे आहेत. पायांना विश्रांती म्हणून आई तेथे बसली होती. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरे केले. सावली तरी आहे."

प्रागहून ड्रेस्डेनला जाणारी गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते. वालुकाश्माचे उंच कडे, मधून संथ पाणी, पलीकडे लाल कौलांची गावे. सरहद्द कधी ओलांडली ते भ्रमणध्वनीने कळवले. ज्या सरहद्दींसाठी एवढी माणसे मेली, त्या अशा कळेनाशा ओलांडताना मनात जे येते ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते. शिवाय त्या वेळी आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खात होतो.

ड्रेस्डेनवर 13 ते 15 फेब्रुवारी 1945 या दिवसांत बाँबवर्षाव झाला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने 2010 मध्ये मृतांची संख्या सुमारे पंचवीस हजार ठरवली. गेओर्ग बेअर याने अठराव्या शतकात उभारलेले फ्राउएनकिर्श हे दगडी घुमटाचे चर्च दोन दिवस तग धरून 15 तारखेच्या सकाळी कोसळले. पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षे तो ढिगारा तसाच पडून होता. जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास नागरिकांनी पुनर्बांधणीची हाक दिली, 1993 मध्ये दगड निवडण्यास आरंभ झाला, आणि 30 ऑक्टोबर 2005 रोजी चर्चचे पुन्हा पवित्रीकरण झाले. म्हणजे ते आमच्या कन्येहून चार वर्षांनी मोठे. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला, त्याचे वडील त्या हल्ल्यातील एका बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. ढिगाऱ्यात सापडलेला, वाकलेला जुना क्रूस आत ठेवलेला आहे. त्यापुढे पत्नी बराच वेळ उभी राहिली आणि नंतर त्याविषयी काही बोलली नाही.

बाहेरून पाहता फिकट पिवळ्या भिंतींत मधून मधून काळे दगड दिसतात, ते जुने. ते आगीत काळवंडले असावेत असा माझा समज होता. पण हा वालुकाश्म मुळातच उन्हापावसात हळूहळू काळा पडतो, आणि नवे दगडही काही दशकांनी तसेच होतील. "मग माझी वही पुढे उपयोगाची नाही," असे म्हणून चिरंजीवांनी ती मिटली. ती पुन्हा वॉर्सात उघडली.

श्रोतेहो, वॉर्साबद्दल मला थोडे अधिक बोलावयाचे आहे. 1 ऑगस्ट 1944 रोजी तेथील नागरिकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो त्रेसष्ट दिवस चालला. तो मोडल्यानंतर शहर रिकामे करून पद्धतशीरपणे, घरामागून घर, जाळण्यात व उडवण्यात आले. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे पंच्याऐंशी टक्के भाग नष्ट झाला होता. आज जुन्या शहराच्या चौकात उभे राहिले, की चार-चार मजल्यांची, अरुंद, रंगीत घरे सतराव्या-अठराव्या शतकांतली वाटतात. ती 1953 मध्ये पुरी झाली. युनेस्कोने 1980 मध्ये या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते या पुनर्निर्मितीसाठीच. राजवाडा तर त्याहून अलीकडचा; 1971 मध्ये बांधण्याचा निर्णय झाला, 1984 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. "हा बाबांपेक्षाही लहान!" अशी घोषणा झाली, आणि शेजारच्या प्रवाशांनी वळून पाहिले.

राजवाड्यात एक दालन आहे. व्हेनिसमध्ये जन्मलेला बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा चित्रकार तेथे आम्हांला तिसऱ्यांदा भेटला. तो प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा, आणि मामाचेच नाव लावीत असे. व्हिएन्नाच्या संग्रहालयात बेल्व्हेडेरवरून दिसणारे शहर त्याने रंगवलेले आम्ही पाहिले होते. ड्रेस्डेनच्या संग्रहालयात नदीपलीकडून दिसणारे ड्रेस्डेन त्याचेच होते. अखेरची वर्षे तो वॉर्सात राहिला आणि 1780 मध्ये तेथेच वारला. त्याच्या चित्रांवरून वॉर्सा पुन्हा बांधले, असे मार्गदर्शक मोठ्या अभिमानाने सांगतात. ते अर्धेच खरे आहे. राजमार्गावरील अनेक प्रासादांना त्या चित्रांचा आधार झाला हे निश्चित. पण चित्रकार हा चित्रकार असतो, खिडकी त्याला जेथे शोभते तेथे तो ती सरकवतो.

खरा आधार निराळाच होता, आणि तो मला अधिक विलक्षण वाटतो. वॉर्साच्या तंत्रविद्यालयातील वास्तुकलेचे विद्यार्थी युद्धापूर्वी अभ्यास म्हणून जुन्या घरांची मोजमापे घेऊन नकाशे काढीत असत. परीक्षेसाठी काढलेले नकाशे ते! शहर जळत असताना प्राध्यापकांनी त्यांतले पुष्कळसे कागद बाहेर काढले आणि दूर पियोत्रकूव येथील मठात लपवून ठेवले. यान झाखवातोविच यांच्या नेतृत्वाखाली पुनर्बांधणी झाली, ती मुख्यतः या कागदांवरून. विटांची कथा मात्र इतकी उजळ नाही. पुष्कळशा विटा व्रोत्सवाफसारख्या पश्चिमेकडील शहरांतून आणल्या गेल्या, आणि त्यांसाठी तेथे दुरुस्त होण्याजोग्या इमारतीही पाडल्या गेल्या. एक शहर उभे करताना दुसरे थोडे थोडे उतरवले गेले, हे चौकातल्या उपाहारगृहात बसणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आम्हीही तेथे बसलो होतो. बटाटा आणि पनीरासारखे चीज भरलेल्या उकडलेल्या 'पिएरोगी' समोर आल्या. "ही तर उकडीची करंजी," म्हणून आईने पहिल्यांदाच मेतकुटाची पुडी न सोडता पोटभर जेवण केले. मग तिने विचारले, "अरे, त्या पोरांना मोजायला सांगितले कुणी?"

"त्यांच्या मास्तरांनी."

"पडणार म्हणून?"

"नाही. तेव्हा पडेल असे कोणालाच वाटत नव्हते."

जेवणानंतर आम्ही क्रासिन्स्की बागेकडे चालत गेलो. मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची आठवण म्हणून 2017 मध्ये लावलेला फलक आहे. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीने सैबेरियात व इतरत्र हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन 1943 ते 1948 पर्यंत तेथे राहिली. आईच्या जन्माआधीची ही गोष्ट, पण तिच्या आईने त्या बायका मंडईत खुणांनी भाव करताना पाहिल्या होत्या. 'कोल्हापूर' हे नाव त्या परक्या लिपीत आईने बोटाने अक्षर अक्षर लावून वाचले. नातवंडांना तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली; मला ती ठाऊक होती, तरी मंडईतल्या एका पोलिश बाईने आजीला मोबदल्यात विणलेला रुमाल दिला होता, हे मी पहिल्यांदाच ऐकले. तो रुमाल कोठे आहे, असे कन्येने विचारले. "वाड्यात असेल कुठेतरी. माझ्या लग्नानंतर माझ्याच ट्रंकेत होता," आई म्हणाली.

परतल्यावर आईने संमतिपत्रावर सही केली. त्याआधी मात्र तिने चुलत भावांकडून दोन रविवार मागून घेतले. जुलैमध्ये मी दिल्लीहून रजा काढून सर्वांना कोल्हापूरला नेले. साहेबांना कारण सांगताना मी 'घरगुती काम' एवढेच लिहिले. सोपा, माजघर, जिना, माळा, सारे आम्ही फितीने मोजले. चिरंजीव फितीचे टोक धरी आणि कन्या आलेखाच्या कागदावर काढी. माजघराच्या दारापाशी दिव्याची देवळी आहे. लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्या खांद्याच्या रेषेत होती, असे आई म्हणाली. फितीने ती चांगली वीतभर खाली निघाली. आईने पुन्हा मोजायला लावले. मग तिला आठवले, की शहाबादी फरशी नंतर बसवली, तेव्हा भर घालून जमीन वर घेतली होती. कोणती उंची लिहू, असे कन्येने विचारले. आजीने दोन्ही लिहायला सांगितल्या.

ट्रंक सापडली, रुमाल सापडला नाही. परड्याकडची खोली मोजायची राहिली. तिचे कुलूप कोणाकडे आहे हे त्या दोन रविवारांत ठरले नाही.