जखमेला टाका हवाच का?



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. डॉक्टरकी सांगायला उभी नाही. पण मुलांची डोकी अन् हनुवट्या फुटतात त्या आपल्याच घरात, म्हणून जे समजून घेतले ते सांगते.

माझ्या धाकट्याला चौथ्या वर्षी कपाळावर तीन टाके पडले. चौघांनी त्याला दाबून धरले होते. जखम लवकर भरली. पण पांढरा कोट दिसला की पलंगाखाली दडणे दोन वर्षे चालले. टाके वाईट, असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की प्रत्येक जखमेला ते हवेतच का?

कॅनडातल्या ओटावा शहरच्या डॉक्टरांनी हे रीतसर तपासून १९९३ साली प्रसिद्ध केले. चेहऱ्याला लहानशी जखम झालेली ८१ मुले घेतली. काहींना टाके घातले, काहींची कातडी औषधी डिंकाने जोडली. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. तीन महिन्यांनी व्रणांची छायाचित्रे तज्ज्ञांना दाखवली, पण कोणाला काय केले ते सांगितले नाही. व्रण दोन्हीकडे सारखेच ठरले. डिंकाला वेळ कमी लागला आणि दुखलेही कमी. पुढच्या तपासण्यांत डिंकाची जखम उकलण्याचा संभव किंचित जास्त दिसला, हेही सांगितले पाहिजे.

सिंगापुरात २००२ साली डोक्याच्या जखमेसाठी निराळीच युक्ती तपासली गेली. दोन्ही कडांचे केस घेऊन एक पीळ द्यायचा आणि त्यावर डिंकाचा थेंब सोडायचा. सुई नाही, केस कापणेही नाही! आपल्या सुश्रुतसंहितेत तर आतड्याची चीर मुंगळ्यांच्या चाव्याने जुळवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे हा शोध जुनाच.

पण डिंक सर्वत्र चालत नाही. जखम लहान, स्वच्छ, सरळ आणि कडा सहज जुळणारी हवी. सांध्यावर, तोंडाच्या आत किंवा कुत्रे चावल्यावर तो वापरू नये. लावल्यावर त्यावर मलम चोपडू नये, त्याने तो सुटतो. खरवडू नये, पाच ते दहा दिवसांत आपोआप गळतो. आणि दुकानातला झटपट चिकटणारा डिंक घरी मुळीच लावू नका, तो औषधी नव्हे.

आपले काम एवढेच: स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उघडता दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू भरू नका. दवाखान्यात धनुर्वाताच्या सुईचे विचारा. आणि संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, टाक्यावाचून भागेल का?" ते नाही म्हणाले, तर निमूट टाके घालून घ्या. विचारण्याला मात्र पैसे पडत नाहीत, आणि एखादे पोर त्या चौघांच्या हातातून सुटते.